कुत्रा माझा, अंगण त्यांचं



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८.

श्लोक ओळखीचा आहे. भगवंत सांगतात की ज्याला खरं ज्ञान झालं, तो पाच जणांकडे एकाच नजरेने पाहतो. पहिला विद्वान आणि नम्र ब्राह्मण. मग गाय. मग हत्ती. मग कुत्रा. आणि शेवटी तो माणूस, ज्याला त्या काळच्या समाजाने सगळ्यात खालच्या पायरीवर ढकललं होतं. ज्ञानेश्वर महाराज या श्लोकावर बोलताना म्हणतात की अशा ज्ञान्याच्या दृष्टीत डास आणि हत्ती, गाय आणि कुत्रा, थोर आणि हीन हे भेद उरतच नाहीत. जागा झालेल्या माणसाला स्वप्न कुठलं दिसणार?

आम्हा कुत्रेवाल्यांना हा श्लोक फार आवडतो. साक्षात गीतेत कुत्र्याचं नाव! दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे, ते चार वेद मानतात. खंडोबाच्या चित्रातही कुत्रा असतोच. आमच्या घरी काळू नावाचा एक इंडी आहे. तो देवघरासमोर पसरून झोपतो तेव्हा मलाही वाटतं, हा गेल्या जन्मीचा वारकरी असावा.

पण आज तुमच्याशी बोलायचंय ते श्लोकातल्या शेवटच्या नावाबद्दल. कुत्र्याच्या लगेच पुढे भगवंतांनी एका माणसाला उभं केलंय. आपण कुत्र्यापर्यंत येऊन थांबतो का? तसं होत असेल, तर श्लोक अर्धाच वाचला म्हणायचा.

रोज सकाळी साडेसहाला मी काळूला घेऊन बाहेर पडते. आमची सोसायटी, मग जुन्या बंगल्यांची गल्ली, मग मैदान. या वेळेला रस्त्यावर कोण कोण असतं ते एकदा नीट बघा. बंगल्याच्या फाटकाबाहेर कोणी सडा घालून रांगोळी काढत असतं. कंपाउंडवरून बाहेर वाकलेल्या प्राजक्ताखाली एखादी आजी परडी घेऊन फुलं वेचत असते. प्राजक्ताचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालतं, असं हे आपल्याकडचं खास फूल. लॉनच्या कडेला दूर्वा उगवतात, संकष्टीला त्या खुडायला कोणीतरी येतं. लॉनवर दोन-तीन आजोबा चपला काढून दवात चालत असतात. माळीकाका उकिडवे बसून खुरप्याने तण काढत असतात, हातात मोजे नसतात. आणि झाडू घेऊन मावशी आलेल्या असतात.

आपल्याला ती फक्त हिरवी जागा दिसते. पण तिथे कोणाची पूजा चाललेली असते, कोणाचं पोट असतं. त्याच जागेवर आपला कुत्रा पाय वर करतो आणि आपण मोबाइलमध्ये बघत असतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्याशी बोलत होत्या. म्हणाल्या, “ताई, शेणाचं मला काही वाटत नाही हो. गावाकडं रोज हातानं उचललंय, सारवलंय. पण हे पावसात गवतात दिसत नाही, हाताला लागतं. मग घरी जेवायला बसलं की तेच आठवतं. घास उतरत नाही.”

मी काय बोलणार? जेवणाला आपण यज्ञकर्म म्हणतो. पानावर बसताना हात जोडतो. आणि आपल्या कुत्र्यांमुळे एका बाईचा घास घशात अडकतो. ही घाण उचलण्याचं काम आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आलं आणि आजही बहुतेक वेळा कोण करतं, ते आपल्याला चांगलं माहीत आहे. श्लोकातला तो पाचवा माणूस रोज सकाळी आपल्या गेटमधून आत येतो. आपण त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे आपल्या बोलण्यावरून ठरत नाही. आपण त्याच्यासाठी काय टाकून जातो, त्यावरून ठरतं.

आता कोणी म्हणेल, “अगं, मातीतच जातं ना शेवटी? खत होतं.” तर नाही होत. गाय गवत खाते, तिच्या शेणाची गोष्ट वेगळी. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात आणि महिनोन्‌महिने तिथे टिकतात. काही जंतांच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. त्या लॉनवर खेळणारं पोर मातीचा हात तोंडात घालतं. लघवीतलं युरिया एकाच जागी पडलं की गवत जळतं. मध्ये पिवळा डाग आणि भोवती गडद हिरवं कडं दिसलं की समजावं, इथे कोणाचा तरी रोजचा मुक्काम आहे. पावसाळ्यात लेप्टोची भीती असते. उंदरांसारखीच, आजारी कुत्र्याच्या लघवीतूनही ती पसरू शकते. त्यामुळे “निसर्ग बघून घेईल” हे म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्षात निसर्ग बघत नाही, मावशी बघतात.

आपल्या संतांच्या गोष्टी याच बाबतीत पुन्हा ऐकाव्यात असं मला वाटतं. कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कोरडी भाकरी कशी खाशील देवा, थोडं तूप तरी घे! आपण त्यातलं प्रेम लक्षात ठेवतो. पण भाकरी कोणाची होती? नामदेवांची. तूप कोणाचं? तेही त्यांचंच. शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून त्यांनी भूतदया केली नाही. एकनाथ महाराजांनी तहानेल्या गाढवाला गंगेचं पाणी पाजलं, ते त्यांनी स्वतः खांद्यावरून वाहून आणलेल्या कावडीतलं होतं.

महाभारतात महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराची कथा येते. हस्तिनापुरापासून एक कुत्रा त्याच्या मागे चालत येतो. भाऊ पडतात, द्रौपदी पडते, कुत्रा राहतो. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, स्वर्गात कुत्र्याला जागा नाही, त्याला सोड आणि चल. युधिष्ठिर म्हणतो, माझ्या आश्रयाला आलेल्याला मी सोडणार नाही. आणि तो स्वर्गच नाकारतो. पुढे कळतं की तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता. या निर्णयाची किंमत कोण मोजायला तयार होता? एकटा युधिष्ठिर. इंद्राला किंवा आणखी कोणाला त्याने त्यासाठी भुर्दंड पाडला नाही.

मला आजच्या वाचनातून हेच कळलं. दया स्वतःच्या खर्चाने करायची असते. कुत्रा पाळणं हे पुण्य असेल, तर त्याचं ओझंही माझंच. पुण्य माझ्या खात्यावर आणि साफसफाई मावशींच्या, असा हिशोब देवाच्या दारात चालत नाही.

आणि ओझं फक्त घाणीचं नसतं. भीतीचंही असतं. आपल्या सगळ्यांचा एक ठरलेला मंत्र आहे : “काही करत नाही हो तो!” समोरच्या आजी भिंतीला चिकटून उभ्या, परडी छातीशी धरलेली, आणि आपण वीस फुटांवरून हसत हा मंत्र म्हणतो. आपला कुत्रा काही करत नाही हे आपल्याला माहीत असतं, त्यांना नसतं. कदाचित लहानपणी त्यांना कुत्रा चावलेला असेल. समदृष्टी म्हणजे सगळ्यांनी माझ्या कुत्र्यावर प्रेम करायलाच हवं असं नव्हे. प्रवचनात सांगतात ना, दृष्टी सम असावी, वागणं ज्याला त्याला योग्य असं असावं. काळूला वास घेत घेत चालायची गरज आहे आणि आजींना बिनधास्त फुलं वेचायची. दोघांची गरज मला दिसली पाहिजे. पट्टा आखडून दोन पावलं बाजूला व्हायला असा कितीसा वेळ लागतो?

आणखी एक गोष्ट फार मनाला लागते. आपण टाकून गेलेल्या घाणीचा राग बऱ्याचदा आपल्यावर निघत नाही. तो निघतो रस्त्यावरच्या कुत्र्यांवर. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो, लगेच कोणीतरी लिहितं, “या भटक्यांचा बंदोबस्त करा.” मग खाऊ घालणाऱ्या मुलींना शिव्या, गेटपाशी झोपलेल्या मुक्या जिवाच्या पाठीत काठी. घाण एखाद्या घरच्या लाडक्याची आणि मार त्या बेवारस जिवाला. आपण कुत्र्यांवर प्रेम करतो म्हणतो ना? मग पिशवी उचलणं हे आपल्याच नाही, त्यांच्याही कामाचं आहे.

गाडगेबाबांची आठवण इथे येणारच. १८७६ ते १९५६ असं त्यांचं आयुष्य. गावात शिरले की आधी हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन. आणि याच कीर्तनांतून ते देवापुढे कोंबडी-बकरी कापू नका म्हणून लोकांना कळवळून सांगायचे. मुक्या प्राण्याची माया आणि हातात खराटा, या दोन गोष्टी एकाच माणसात होत्या. आपल्याला त्यातली एकच निवडता येणार नाही.

तर मंडळी, आज श्लोक पाठ करण्याबरोबर हे करून बघूया :

१. बाहेर पडताना पट्ट्याबरोबर जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे किंवा पिशवी घ्यायचीच. उचललेलं कोणाच्या कुंडीत, गटारात किंवा ओल्या कचऱ्याच्या खतात टाकायचं नाही. घरी आणून टॉयलेटमध्ये टाकता येतं, कागद वेगळा बांधून कचऱ्यात.

२. सोबत पाण्याची एक बाटली. भिंतीवर, गाडीच्या चाकावर, गवतावर पाय वर झालाच, तर लगेच पाणी ओतायचं. डाग आणि वास दोन्ही कमी होतात.

३. फाटक, रांगोळी, तुळस, प्राजक्त आणि दूर्वांची जागा आली की पट्टा आखूड धरायचा आणि मोबाइल खिशात ठेवायचा. लॉनकडे जाण्याआधी मोकळ्या रस्त्याकडेला कुत्र्याला मोकळं होऊ द्यायचं. सवय लावली तर ते शिकतात.

४. लिफ्टमध्ये कोणी असेल तर आधी विचारायचं, “येऊ का?” नाही म्हणाले तर पुढच्या लिफ्टची वाट बघायची.

५. लसी आणि जंतांचं औषध वेळेवर. पावसाळ्याआधी लेप्टोच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारायचं.

६. मावशींना आणि माळीकाकांना आपल्या कुत्र्याचं नाव माहीत असतं. आपल्याला त्यांचं माहीत आहे का? नसेल तर आज विचारायचं.

ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांनाही एक विनंती. फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी एकदा त्या माणसाशी समोरासमोर बोला. “बाळा, इथे मी फुलं वेचते,” एवढं एक वाक्य पुरतं. आणि राग मुक्या जिवावर काढू नका. आजच्या श्लोकात तोही आहे.

पाच नावं एका ओळीत बसवताना भगवंतांनी मध्ये कुठे कुंपण घातलं नाही. कुत्र्याच्या एका बाजूला हत्ती आहे, दुसऱ्या बाजूला माणूस. पट्टा हातात धरून आपण रोज या श्लोकातूनच चालत असतो.

आजची प्रार्थना : हे पांडुरंगा, मुक्या जिवात तुला पाहायची बुद्धी दिलीस, तशीच झाडू धरलेल्या हातातही तुला ओळखायची दे. माझ्या प्रेमाचं ओझं दुसऱ्या कोणाच्या पाठीवर पडू देऊ नकोस.

उद्या याच अध्यायात पुढे जाऊ. तोवर काळूतर्फे सगळ्यांना शेपूट हलवून नमस्कार.

राम कृष्ण हरी!