पिंडीवर ओतायचं पाणी

नदीला माता म्हणणारा माणूस पुलावर थांबून निर्माल्याची पिशवी पाण्यात सोडतो, तेव्हा त्याची श्रद्धा खोटी असते का? मला तसं वाटत नाही. पिशवीत काय असतं ते पाहावं: सुकलेला झेंडूचा हार, दुर्वा, बेलाची पानं, हळदकुंकवाची चुरगळलेली पुडी. देवाला वाहिलेलं घंटागाडीत टाकवत नाही, म्हणून तर तो पुलापर्यंत आलेला असतो. श्रद्धा आहेच, ती फुलांपाशी थांबते आणि गाठ मारलेलं प्लास्टिक तिला दिसत नाही. त्याच पुलाजवळ निर्माल्य कलश ठेवला, की बहुतेक जण मुकाट्याने पिशवी तिथे रिकामी करतात. मत तेच राहतं, फक्त वाकडी वाट करावी लागत नाही.

आंद्रेआस डीकमान आणि पेटर प्रायझेनडोर्फर या समाजशास्त्रज्ञांनी म्युनिक आणि बर्न इथल्या पाहणीवरून हेच मांडलं. पर्यावरणाची कळकळ वागण्यात उतरते ती झळ कमी लागते तिथे. कचरा वेगळा करायला माणसं तयार होतात, गाडी सोडायला नाही. आपल्याकडे घरगुती गणपती कृत्रिम तलावात जाऊ लागला, पण शाडूची मूर्ती महाग, जड आणि धक्क्याने टवका उडणारी, तिथे हात आखडतो. 2018 च्या प्लास्टिकबंदीत पहिल्याच गुन्ह्याला 5000 रुपये दंड ठरला, तरी भाजीबरोबर पातळ पिशवी मिळतेच. अंबरनाथच्या आनंदनगरसारख्या औद्योगिक वसाहतीत हिशेब मोठा होतो, कारण सांडपाण्यावर प्रक्रिया करायची तर खर्च रोजचाच. तो चुकवण्याची वाट कुठे जाते ते 2014 च्या नोव्हेंबरात उल्हासनगरच्या वडोल गावाजवळ दिसलं. टँकरमधून वालधुनी नदीत रसायन सोडलं गेलं आणि शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. शाडू न परवडणारं कुटुंब आणि रसायन नदीत सोडायला लावणारा मालक यांना मात्र एकाच तागडीत तोलू नये.

मग श्रद्धा ही नुसती शोभा, सगळं खिसाच ठरवतो, दंड वाढवा, असं कोणी म्हणेल. दंड हवाच. पण खिसा सगळं ठरवत असता, तर उल्हासनगरातल्या सिंधी घरांत चालिहा पाळला गेला नसता. जलदेवता झूलेलालसाठी 40 दिवसांचं ते व्रत आहे. पंढरीची वारीही कोणी पायी केली नसती. तिथे माणूस झळ आनंदाने सोसतो, कारण सोसणं हेच व्रत असतं. नदीच्या बाबतीत तीच झळ नुसता भुर्दंड वाटते. व्रताचं पुण्य आपल्या पदरात पडतं. अंबरनाथमध्ये राखलेल्या वालधुनीचा लाभ खाली उल्हासनगरला, कल्याणला होतो, आणि आपण राखलेलं एका टँकरने एका रात्रीत वाहून जातं. ‘मी एकट्याने काय होणार’ हा प्रश्न वारकरी विचारत नाही, नदीकाठचा विचारतो. गीतेतलं निष्काम कर्म आपण मनःशांतीचा उपाय म्हणून वाचत आलो. फळ दुसऱ्याच्या घाटावर जाणार हे माहीत असून पाणी राखणं, ही त्याची कितीतरी कठीण आणि नेमकी परीक्षा आहे.

उरतो जुना आक्षेप: पवित्र नदी मुळी विटाळतच नाही. अंबरनाथचं शिवमंदिर वालधुनीच्या काठावरच आहे. शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा उल्लेख आहे; गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचा. श्रावणी सोमवारी, महाशिवरात्रीला तिथे रांग लागते. नदी इतक्या जवळ, पण अभिषेकासाठी तिच्यात तांब्या बुडवायला कोणी वाकत नाही.