करंगळी

आषाढीच्या आधी महिनाभर आमच्या घरात तुळशीच्या मण्यांचे ढीग लागलेले असतात. पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावर आमच्या यांचं माळांचं दुकान आहे, त्यामुळे शाळेतून आले की मीही सुई-दोरा घेऊन बसते. त्या संध्याकाळी ओवता ओवता आत्याबाई एकदम म्हणाल्या, "अगं, रक्त!" दोरा लाल झाला होता. सुई डाव्या करंगळीत शिरली होती आणि मला पत्ताच नव्हता.

कुष्ठरोगाचे उपचार संपून तेव्हा तीन महिने झाले होते. बाराही महिन्यांची एमडीटीची पाकिटं मी एकही दिवस न चुकवता घेतली होती आणि सुटले म्हणून विठोबाला तुळशीहारही घातला होता. आणि आता पाठीवरचे जुने चट्टे पुन्हा लाल होऊन फुगले, डावं कोपर ठणकायला लागलं. एका दवाखान्यात सांधेदुखी म्हणून मलम दिलं. त्यात सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांचं मला अजून वाईट वाटतं, कारण सुजलेल्या नसेच्या बाबतीत एकेक दिवस मोलाचा असतो.

शेवटी कुष्ठरोग तंत्रज्ञांनी मला डोळे मिटायला सांगितलं. "बॉलपेन टेकवतो. जिथं लागेल तिथं बोट ठेवा." तळहातावर दोनदा लागलं, मी बोट ठेवलं. मग मी वाट बघत राहिले. डोळे उघडले तेव्हा ते पेन खिशाला लावत होते. करंगळीवर त्यांनी चारदा टेकवलं होतं. मग कोपराच्या आतली नस त्यांनी बोटाखाली घेतली, ती सुतळीसारखी जाड झाली होती. "रिअ‍ॅक्शन आहे, मॅडम. रोग परत आलेला नाही. तुमच्याच पेशी उठल्यात."

मी नववीला विज्ञान शिकवते. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. त्या रात्री झोप आली नाही तेव्हा वाचत बसले, आणि पुढे कित्येक महिने वाचत राहिले. कुष्ठरोगाचा जंतू फार संथ. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. तो विष सोडत नाही. नसेभोवतीच्या श्वान पेशींत तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. औषधानं तो मरतो, पण त्याचे तुकडे तिथंच पडून राहतात. एखाद्या दिवशी टी पेशी ते तुकडे ओळखतात, गॅमा इंटरफेरॉन सोडतात, त्यानं भक्षक पेशी खवळतात आणि सूज येते. नसेचं आवरण घट्ट असल्यामुळे सुजेला पसरायला जागा मिळत नाही. नस आतल्या आत चेपली जाते. मेलेल्या जंतूच्या तुकड्यांपायी जिवंत नस जाते. रिअ‍ॅक्शनचा हा पहिला प्रकार, माझा. दुसरा ईएनएल. तो अंगात जंतूंचा भार मोठा असणाऱ्यांना होतो: ताप, दुखऱ्या गाठी, आणि तो पुन्हा पुन्हा उलटतो.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. इंदिरा नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये दाखवलं, की ज्या रुग्णांच्या टी पेशी या जंतूपुढे निपचित असतात, त्यांच्याही पेशी ईएनएलच्या काळात प्रतिसाद द्यायला लागतात. म्हणजे झोपलेल्या पेशी जाग्या होतात. हे वाचून मी पुस्तक मिटलं. लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले की झोप म्हणजे अज्ञान आणि जाग म्हणजे कल्याण. माझा प्रकार वेगळा, पण माझ्याही कोपरात जाग आली आणि माझी बोटं वाकली.

"मागल्या जन्मीचं काहीतरी असेल गं," आत्याबाई म्हणाल्या. माझा हात मांडीवर घेऊन, डोळे पुसत म्हणाल्या, म्हणून मला राग आला नाही. पुराणात श्रीकृष्णाच्या मुलाला, सांबालाही शापानंच कुष्ठ होतो. म्हणजे देवाच्या घरातसुद्धा या रोगाला आधी एक अपराध लागतो. पण अपराध म्हटलं की करणारा हवा. मी तो खरोखर शोधला. जंतू नुसता राहिला होता. पेशींनी तर ज्यासाठी त्या आहेत तेच काम केलं. मी औषध चुकवलं नव्हतं. शंभरातल्या 95 जणांना हा जंतू अंगात गेला तरी आजार होत नाही. उरलेल्या पाचांत मी आले. त्या 95 जणांनी कुठलं पुण्य केलं होतं? इथं दुःख आहे आणि त्याला अपराधी नाही, एवढंच मला दिसतं, आणि ते मान्य करणं पापापेक्षा अवघड जातं. पाप निदान फेडता येतं.

कर्मविपाक सांगणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. फक्त त्यांचा हिशेब रोग्याच्या कधी कामाला आला, ते त्यांनी सांगावं. दूर उभं राहणाऱ्यांच्या मात्र तो कामाला आला. भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून कोंडायची मुभा देणारा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात 2019 पर्यंत होतं. आमचे हे माझ्या शेजारी बसून माळा ओवत होते, आजही ओवतात. पण ज्या बायकांशेजारी कुणी बसलं नाही, त्यांना कायद्यानंही बाहेरचाच दरवाजा दाखवला होता.

प्रेडनिसोलोन पाच महिने घेतलं, सुरुवातीला 40 मिलिग्रॅम, मग हळूहळू कमी करत. त्यानं त्या जाग्या पेशींना शांत केलं. तीन बोटं सावरली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलेलंच राहिलं, बधिरही.

आमच्या गावाचा देव लांबून हात जोडायचा देव नाही. मुखदर्शनाची रांग वेगळी आहे, पण माणसं तासन्‌तास उभी राहतात ती पदस्पर्शासाठी. या स्पर्शापासून ज्यांना अस्पृश्य म्हणून शतकानुशतकं लांब ठेवलं, त्यांच्यासाठी साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात इथंच, तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केलं. ते स्पर्शाचं मोल जाणत होते.

औषध संपल्यावर मी रांगेत उभी राहिले. गाभाऱ्यात मिळतात ते एक-दोन क्षण. पायांवर दोन्ही हात ठेवले. उजव्याला पाय गार लागले, किंचित ओशट. डाव्याला अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतच लागले, पुढं काही नाही. बाहेर येताना वाटलं, या दोन बोटांना दर्शन झालंच नाही. नामदेव पायरीपर्यंत पोचले तेव्हा दुसरं सुचलं. मला ते पाय कळले नाहीत, पण त्या पायांना माझी पाचही बोटं लागलीच की. स्पर्श काही माझ्या एकटीच्या नसेतून होत नाही.

आता दर एकादशीला जाते. डावा हात आधी ठेवते.