देवाच्या नावे

लंडनच्या एका खटल्यात पक्षकारांची यादी अशी होती. एका बाजूला कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातली तेलकंपनी, बंपर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन. तिने लंडनच्या पोलीस आयुक्तांवर दावा लावला होता, कारण तिने विकत घेतलेली मूर्ती पोलिसांनी ताब्यात घेतली होती. त्या मूर्तीवर आपला हक्क सांगायला पुढे आले भारत सरकार, तमिळनाडू सरकार, पाथूर गावातलं एक पडकं देऊळ, त्या देवळाच्या वतीने बोलायला नेमलेला एक माणूस आणि देवळातलं शिवलिंग.

मी पुण्यात बसून निर्यातदारांचे परदेशी करार तपासते. करार हाती आला की किंमत, मुदत, लवाद सिंगापूरला की लंडनला, हे सगळं नंतर. आधी पक्षकार. तो अस्तित्वात आहे ना, दिवाळं निघालेलं नाही ना, सही करणाऱ्याला सहीचा अधिकार आहे ना. शिवलिंगाला यातला कुठला प्रश्न विचारायचा? पहिला प्रश्न तर वकिलाने विचारण्यासारखाही नाही. तो गेली दोन-अडीच हजार वर्षं दुसरेच लोक विचारत आलेत.

हकीकत थोडक्यात सांगते. पाथूर हे तंजावर भागातलं गाव. तंजावर म्हटलं की आपल्याला सरफोजीराजे आठवतात, पण ही मूर्ती भोसल्यांच्या कितीतरी आधीची, चोळकाळातली. 1976 साली एका भूमिहीन मजुराला आपल्या झोपडीजवळ खणताना काशाचा नटराज सापडला. तो हातोहात विकला जात लंडनला पोचला. 1982 मध्ये तेलकंपनीने तो अडीच लाख पौंडांना घेतला. विकणाऱ्याने सोबत मूर्तीचा रीतसर दिसणारा, पण बनावट पूर्वेतिहास जोडला होता. मूर्ती डागडुजीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना स्कॉटलंड यार्डने ती उचलली. कोर्टात मग धातूची, मातीची, मूर्तीवर चिकटलेल्या वाळवीच्या खुणांचीही छाननी झाली. तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नागस्वामी साक्षीला गेले. 1988 मध्ये न्यायमूर्ती इयान केनेडी यांनी कंपनीविरुद्ध निकाल दिला, 1991 मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला आणि नटराज त्याच वर्षी भारतात परतला.

खटला जिंकला यापेक्षा तो कोणाच्या नावावर जिंकला, यात मला जास्त रस आहे. कंपनीने मूर्ती प्रामाणिकपणे घेतली होती. इंग्रजी कायदा म्हणतो, विकणाऱ्याकडे जो हक्क नाही तो घेणाऱ्याला मिळत नाही. ठीक. पण मग हक्क कोणाचा, हे दुसऱ्या कुणीतरी उभं राहून सांगायला हवं. सरकारने ती मूर्ती कधी घडवली नव्हती, विकत घेतली नव्हती. गावाला ती पुरलेली असल्याची खबरही नव्हती. देवळात कित्येक शतकं पूजा बंद, पुजारी नाही, पंच नाहीत. देऊळ बांधणारा सातशे वर्षांपूर्वी गेला. माणसांपैकी प्रत्येकाची साखळी कुठे ना कुठे तुटलेली. न तुटता उरलेला असा एकच हक्क होता: कुणीतरी एकदा हे देवाला दिलं आणि नंतर कुणीही परत घेतलं नाही. भारतीय कायद्याप्रमाणे देऊळ पडलं तरी दात्याचा संकल्प मोडत नाही, हे इंग्रज न्यायाधीशांनी मान्य केलं. त्यांच्या स्वतःच्या कायद्यात दगडांच्या ढिगाला दावा लावता येत नाही. पण ज्या देशातून तो येतो, त्या देशाचा मान राखून त्यांनी देवळाला आत येऊ दिलं. निकाल टेकला तो देवळाच्या हक्कावर.

यावर आपण खूश होतो: बघा, आमचा देव लंडनच्या कोर्टात जिंकला. गंमत अशी की आपल्याच परंपरेतला सर्वांत कर्मठ पंथ हा दावा दारातच फेटाळून लावेल. जैमिनीच्या मीमांसासूत्रांवर भाष्य करणारा शबर म्हणतो की देवता काही शरीर घेऊन येत नाही, हविर्भाग खात नाही, खूश होऊन फळ देत नाही. मग ‘देवाचं गाव’, ‘देवाचं शेत’ असं आपण म्हणतो, त्याचं काय? शबराचं उत्तर कुठल्याही दिवाणी वकिलाला आवडेल असं आहे. मालक तो, ज्याला वस्तूचं मनाला येईल ते करता येतं. देव ते गाव विकत नाही, गहाण टाकत नाही, कुणाला बक्षीस देत नाही. तेव्हा तो मालक नव्हे. बोलायची रीत आहे, एवढंच. त्या गावावर जगतात ती देवाच्या सेवेतली माणसं. मनुस्मृतीवर लिहिताना मेधातिथीही साधारण याच वाटेने जातो.

हा युक्तिवाद मला अजिबात खोडता येत नाही. आणि तरीही मला वाटतं की न्यायालय बरोबर होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील, हे मला कुठल्या ग्रंथाआधी सातबाऱ्याने दाखवलं.

माझ्या माहेरच्या गावात भैरवनाथाची जमीन आहे. देवस्थान इनाम. उताऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यात देवाचं नाव, आणि इतर हक्कांत वहिवाटदार म्हणून गुरवाचं. जमीन कसतो गुरव, पीक नेतो गुरव, पाऊस पडला नाही तर रडतो गुरव. भैरवनाथाने तिथे एक ढेकूळही फोडलेलं नाही. इथपर्यंत शबराचं सगळं खरं. पण रस्ता रुंद झाला, जमिनीला भाव आला, आणि गुरवाच्या घरातल्या पोरांच्या डोक्यात प्लॉट पाडायचं आलं, तेव्हा त्यांना कुठेही वाट मिळेना. बँक तारण घेईना. खरेदीखत होईना. साठेखत करायला गिऱ्हाईक आलं, उतारा पाहिला आणि चहा पिऊन गेलं. सगळ्यांना अडवून उभा होता तो रकान्यातला एक शब्द. गावात म्हणतात, देवाचं खाल्लेलं पचत नाही. इथे तर ते तोंडापर्यंतच येत नव्हतं. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की मालकाच्या रकान्यात नाव फक्त देवाचं. पुजारी हा व्यवस्था पाहणारा, त्याचं नाव तिथे नको.

म्हणजे देव मालक नाही हे सिद्ध करताना शबर जे कारण देतो, की तो विकू शकत नाही, नेमकं त्याचसाठी आपण वस्तू देवाच्या नावे करतो. व्यापारातली सगळी मालकी विकता येण्यावर उभी आहे. मी तपासते त्या प्रत्येक करारात विकणारा लिहून देतो की माल माझा, निर्वेध माझा, आणि म्हणून मी तो तुम्हाला देऊ शकतो. देवाची मालकी ही अशी एकच मालकी आहे जिच्यात हे वाक्य लिहायला कोणी बसूच शकत नाही. देव आहे की नाही, हा प्रश्न तिला लागत नाही. ‘देवाचं’ म्हणताना आपण देवाबद्दल फारसं काही सांगत नसतो. आपण आपल्यातल्या प्रत्येकाला, आपल्या पोरांनाही, बाद करत असतो.

पण एवढ्यावर थांबलं तर भक्तावर अन्याय होईल. त्याला हा नकारार्थी देव पुरत नाही. आपल्या कायद्यातलं देवाचं व्यक्तिमत्त्व ज्या जुन्या निकालांनी घडलं, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचा 1887 चा निकाल मोठा. मनोहर गणेश तांबेकर यांच्या नावाने तो ओळखला जातो. तो होता डाकोरच्या रणछोडरायाच्या देवळाबद्दल. देवापुढे आलेलं दान आमचं, असं सेवक म्हणत होते. न्यायालयाने ते मानलं नाही. आता या डाकोरची आख्यायिका पाहा. म्हातारा बोडाणा दरवर्षी तुळस घेऊन द्वारकेला जायचा. थकला, तेव्हा देवच त्याच्या गाडीत बसून डाकोरला आला. द्वारकेचे ब्राह्मण पाठोपाठ आले: मूर्ती चोरलीस, दे. तडजोड ठरली, मूर्तीच्या वजनाइतकं सोनं. आणि पारड्यात बोडाणाच्या बायकोची नथ टाकली तर तीच भारी झाली. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर ही एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेलेली चोरीची मूर्ती. भक्ताच्या भाषेत मात्र चोर कोणीच नाही, कारण देव स्वतःहून आलाय.

आपल्याकडे पंढरपूरची कथा तशीच. विजयनगरच्या राजाने विठोबा हंपीला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास त्याला परत घेऊन आले. दावा नाही, नोटीस नाही; विठोबा निघाला, कारण त्याला इथं यायचं होतं. देवाला मर्जी असते, ही कल्पना कोर्टाला हसण्यासारखी वाटली असेल असं समजू नका. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातल्या मूर्तीच्या वादात, मूर्ती कोणाच्या घरी राहावी यावर, 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की मूर्तीच्या इच्छेचा मान राखायला हवा, आणि तिची बाजू मांडायला कुणी निःस्वार्थी माणूस नेमावा. लंडनच्या त्या न्यायाधीशांना बोडाणा माहीत नसणार. पण भानुदास आणि प्रिव्ही कौन्सिल यांच्यातलं अंतर मला वाटायचं तेवढं नाही.

देवाच्या मर्जीला शह देणारी एक गोष्ट आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे, आणि ती मला नेहमी खटकते. वस्तू विकली गेली त्या क्षणी ती ज्या देशात होती, त्या देशाचा कायदा तिचा मालक ठरवतो. विंकवर्थ नावाच्या इंग्रज माणसाच्या घरातून जपानी कलावस्तू चोरीला गेल्या, इटलीत एकाने त्या विकत घेतल्या आणि लिलावासाठी परत लंडनलाच पाठवल्या. इंग्रज न्यायालयाने इटलीचा कायदा लावायचं ठरवलं, आणि तो कायदा प्रामाणिक खरेदीदाराला झुकतं माप देतो. म्हणजे सरहद्द ओलांडून परत येताना वस्तूचा मालक बदलू शकतो. मूर्तिचोरांना हे आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

पाथूरचा नटराज परत आला, तो मात्र पाथूरच्या गाभाऱ्यात नाही. चोरीच्या भीतीने तो तिरुवारूरला सरकारी मूर्तिसंरक्षण केंद्रात, इतर शेकडो मूर्तींच्या गर्दीत, कुलपाआड ठेवला गेला. सुरक्षा हवी, हे मान्य. पण खटला जिंकताना आपण कोर्टाला सांगितलं होतं की ही कलावस्तू नाही, पूजेतला देव आहे. घरी आल्यावर देवाचा पुन्हा मुद्देमाल झाला. ज्याच्या नावाने जिंकलो त्याची मर्जी इथं कोणी विचारली?

गेल्या काही काळात परत आणण्याची आणखी एक रीत रुळू लागलीय: विकत घ्यायची. 2025 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या सोदबीजच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार मिळवली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तलवार माणसाची असते, माणूस ती विकू शकतो, हरू शकतो. पण त्याच सुमाराला पिप्रहवाच्या रत्नांचं प्रकरण झालं. 1898 मध्ये विल्यम क्लॅक्स्टन पेपे या इंग्रज जमीनदाराने आपल्या इस्टेटीतला पिप्रहवाचा स्तूप उकरला. आत बुद्धाच्या अस्थी असल्याचा लेख कोरलेली कुपी आणि सोबत शेकडो रत्नं निघाली. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, बरीचशी रत्नं कलकत्त्याच्या संग्रहालयात, आणि काही पेपेकडे राहिली. मे 2025 मध्ये ती सोदबीजने हाँगकाँगला लिलावात काढली. भारत सरकारने नोटीस बजावली, लिलाव थांबला आणि जुलैअखेर रत्नं भारतात आली. मुंबईच्या गोदरेज घराण्यातल्या पिरोजशा गोदरेज यांनी ती विकत घेतल्यामुळे.

बौद्धांच्या दृष्टीने अस्थींसोबत वाहिलेली रत्नं ही अस्थींपासून वेगळी नाहीत. पण लंडनच्या खटल्यासारखा हक्क इथं कोण सांगणार होतं? ज्याने ‘मी’ असं काही नसतं हे शिकवलं, त्याला वादी करायचं? असं झालेलंही आहे. जुन्या विहारांच्या लेखांत बुद्ध तिथला रहिवासी, तिथल्या जमिनीचा मालक म्हणून वावरतो, हे अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी शोपेन यांनी दाखवलंय. अनात्मवाद्यांनाही जमीन राखायला कुणाचं तरी नाव लागलंच. महाराष्ट्रातल्या लेण्यांच्या भिंतींवर जमीन आणि गावं दान दिल्याचे लेख आहेतच. तशी वाट पिप्रहवासाठी कुणी चालून पाहिली नाही.

खरेदी करणाऱ्याचा हेतू चांगला होता. लिलावात फुटून जगभर विखुरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण धंद्याची सवय सुटत नाही. पैसे देऊन घेतलं की विकणाऱ्याला विकायचा हक्क होता, हे घेणारा मान्य करतो, आणि ती कबुली कागदावर कायमची राहते. असा करार माझ्याकडे आला असता तर मी त्यात दोन ओळींचं एक कलम घातलं असतं: ही रक्कम ताबा सुरक्षित मिळावा म्हणून दिली आहे, या वस्तू विकण्याचा अधिकार कोणालाही होता अथवा आहे, असं यातून मान्य केलं जात नाही. विकणाऱ्याच्या वकिलाने ते पहिल्याच फेरीत खोडलं असतं. त्याच्या जागी मी असते तर मीही खोडलं असतं.