निश्चिंत फुले

गेल्या फेब्रुवारीत आत्याला घेऊन बेंगळुरूच्या लालबागेत गेलो होतो. आमचे बिऱ्हाड बसवनगुडीत. बागेचे पश्चिम द्वार तेथून जवळच. आत्या एक्याऐंशी वर्षांची, जालन्याहून प्रथमच आलेली. टॅबेबुयाची झाडे पाने गाळून गुलाबी फुलांनी डवरली होती.

ही बाग हैदर अलीने १७६० मध्ये लावावयास घेतली. पण तेथे गेले की मला आठवण होते ती गुस्टाव क्रुंबिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाची. लंडनच्या क्यू उद्यानातून तो १८९३ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यास आला आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानच्या चाकरीत गेला. एका जातीचा बहर ओसरावा तोच दुसरीचा सुरू व्हावा, अशा हिशोबाने त्याने या शहरात झाडे लावविली. १९५६ मध्ये येथेच त्याचे देहावसान झाले. आपण ज्याला वसंताची उधळण म्हणतो, तिच्यामागे असा कोणीतरी महिने मोजीत बसलेला असतो!

फुले पाहून मी सवयीने डोंगरावरील प्रवचनाचा विषय काढला. रानातली फुले कष्ट करीत नाहीत, सूत कातीत नाहीत; तरी शलमोनाहून ती अधिक सजलेली असतात.

आत्या म्हणाली, "हे वचन तू मला पत्रांतून किती वेळा लिहून पाठवलंस, बाळ!" मग वाफ्यात उकिडव्या बसलेल्या बायकांकडे तिने बोट केले. "त्या खुरपतात, म्हणून फुलांना काही करावं लागत नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती; म्हणूनच ते अधिक लागले. वडील गेल्यावर दिवसा दवाखान्यात परिचारिकेचे काम आणि रात्री शिवणयंत्र, असे तिने आम्हांला वाढविले. माझा शाळेचा गणवेश तिच्याच हातचा.

प्रभूने कष्टांना नव्हे, चिंतेला मना केले, असे उत्तर आपण देतो. मीही दिले असते. पण फीची तारीख कोणीतरी मनात घोकीत जागले होते, म्हणूनच मी निर्धास्त झोपलो. त्या झोपेला मी पुढे विश्वास म्हणू लागलो. तो विश्वास होता की दुसऱ्याने वाहिलेले ओझे? प्रभूने हे वचन सांगितले ते उद्याच्या भाकरीची भ्रांत असणाऱ्यांना, त्यांच्याजवळ बसून. मी ते पोटभर जेवून, पगार हाती पडल्यावर, तिला लिहून पाठवीत होतो. शिवाय त्या फुलांना कोणी लावले नव्हते. माझे तसे नाही.

आत्याला मी काही बोललो नाही. ती वाफ्याजवळ गेली होती. "किती वर्षं करतेस गं हे?" तिने मराठीतच विचारले. त्या बाईला शब्द कळले नसावेत. तिने खुरपे खाली ठेवले, मातीचे हात लुगड्याला पुसले आणि आत्याला बसावयास सावलीतली जागा करून दिली.