थांबायचं कोणी?

चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटायच्या वेळी कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, टेम्पो आणि दुचाकी एकाच सिग्नलला येऊन भिडतात. प्रत्येकाला वाटतं, रस्ता पुरत नाही. पण रस्ता पुरत असतानाही रांग लागते. येणारे एकसारख्या अंतराने येत नाहीत, एवढं कारण रांगेला पुरतं.

टेलिफोनचंही तसंच. पुढचा कधी वाजेल हे कोणालाच सांगता येत नाही. तरी त्या अनिश्चिततेचा हिशेब मांडता येतो, हे कोपनहेगनच्या ए. के. एरलांग यांनी १९०९ साली दाखवलं. संगणकांच्या जाळ्यातली पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, आज ज्या गणिताने तोलली जातात, त्याचा पाया हाच.

ते गणित कोणाची भीड धरत नाही. एक तार, येणारी पॅकेट अनियमित, प्रत्येकाला लागणारा वेळही अनियमित. तारेवर ५० टक्के भार असला तर रिकाम्या तारेपेक्षा दुप्पट वेळ लागतो. ८० टक्क्यांवर पाचपट, ९० वर दहापट, ९५ वर वीसपट. पहिल्या नव्वद टक्क्यांनी जेवढा उशीर वाढवला, त्याहून अधिक पुढच्या पाचांनी वाढवला.

मोकळी जागा हिशेबाच्या वहीत उधळपट्टी दिसते. अचानक येणाऱ्याची सोय मात्र तिच्यातच असते.

१९६१ साली जॉन लिटल यांनी एक साधा नियम सिद्ध केला: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी मुक्काम. तासाला २० ट्रक येत असतील आणि प्रत्येकाला गेटवर ३ तास लागत असतील, तर सरासरी ६० ट्रक बाहेर उभे राहणारच. कारखान्याने गोदाम रिकामं केलं आणि माल ऐन वेळी मागवला, की वेळेआधी पोचलेला माल रस्त्याच्या कडेला उभा राहतो. गोदामाचं भाडं वाचतं. ते ड्रायव्हरच्या झोपेतून वसूल होतं.

आधी कोणी जायचं, हा प्रश्न मोटारीच्या आतही असतो. चाकणला तयार होणाऱ्या मोटारीत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात. बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ‘कॅन’ पद्धत त्यांच्यावर चालते. दोन निरोप एकदम निघाले तर ज्याचा क्रमांक लहान तो पुढे जातो. दुसरा तिथल्या तिथे गप्प होतो आणि तार मोकळी झाली की पुन्हा निघतो. इंजिनाचा निरोप आधी, खिडकीच्या काचेचा नंतर. हा क्रमांक तार ठरवत नाही. गाडी रस्त्यावर यायच्या कितीतरी आधी तो इंजिनिअरने ठरवलेला असतो.

अग्रक्रमाने वेळ निर्माण होत नाही. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ साली हे सूत्रात बांधलं: भार तोच असेल आणि तार उगाच रिकामी राहत नसेल, तर रांगेचा क्रम कसाही बदला, एकाचं वाचलेलं थांबणं दुसऱ्याच्या वाट्याला जातं.

एकूण थांबणं घटवायचे खरे उपाय वेगळे आहेत. क्षमतेत मोकळीक ठेवायची आणि येणं एकसारखं करायचं. संगणकांच्या जाळ्यात पॅकेटना वाट दाखवणारा राउटर हे करू शकतो. शिफ्टच्या वेळा मागेपुढे करून, ट्रकला नेमकी वेळ देऊन कारखानेही करू शकतात. त्यासाठी उड्डाणपुलाची वाट पाहावी लागत नाही.

तरीही काही थांबणं उरतं. ते कोणाच्या वाट्याला जातं? ज्याच्या वेळेचे पैसे कोणी मोजत नाही, त्याच्या. कारखान्यातली लाइन बंद पडली तर मिनिटाचा हिशेब होतो. ट्रकमध्ये रात्र गेली तर होत नाही. रस्त्यावरही क्रमांक वाटलेले असतात, फक्त ते कोणी लिहून ठेवलेले नसतात.

म्हणून सरासरी उशीर घटल्याचा अहवाल अर्धाच असतो. कोणाचा घटला आणि कोणाचा वाढला, हे त्यात आलंच पाहिजे. किती थांबावं लागेल, ते गणित सांगतं. कोणी थांबायचं, ते आपण ठरवतो. आणि त्याची जबाबदारीही आपलीच.