चार टायर, दोन गिऱ्हाईकं
राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की रस्त्याला लागून एक टायरचं दुकान आहे, असं समजा. मालकाला सगळे काकाच म्हणतात. पंक्चर, बॅलन्सिंग, रिमोल्ड, आणि मागच्या शेडमध्ये उतरवलेल्या टायरांचा ढीग.

एका मे महिन्यात बुलढाण्याचा, पण पुण्यात शिकणारा एक पोरगा आला. "काका, घासलेले टायर पाहिजेत. चार. नवे नकोत."

असं गिऱ्हाईक काकांनी पाहिलं नव्हतं. पोराने समजावलं. ऑटोक्रॉस नावाची शर्यत असते. मोकळ्या आवारात शंकू मांडतात, एका वेळी एकच गाडी सुटते, शंकू पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. डोक्यावर हेल्मेट, मैदान कोरडं, समोर कुणी नाही. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलीमीटर खोल. जोरात वळवलं की रबराचे उंच गट्टू लचकतात आणि गाडी उशिरा वळते. झिजलेल्या टायरात लचकायला उंचीच उरत नाही, रबर डांबराला सरळ चिकटतं. घेरही किंचित कमी होतो, त्यामुळे गाडी सुटतेही चपळ.

काकांना पटलं. त्यांनी ढीग उपसला आणि त्यातले निम्मे टायर बाजूला फेकले. पोरगा म्हणाला, "हे तर चांगले दिसतात." काकांनी टायरच्या बगलेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "हा दहा वर्षं उन्हात पडलाय. नख रुतत नाही बघ. हा झिजला नाही, वाळला. तुला झिजलेला पाहिजे, वाळलेला नाही." (हा फरक पुष्कळ हौशी शर्यतवाल्यांना कळत नाही. फुकटात मिळालेला म्हातारा टायर लावतात आणि गाडीला दोष देतात.)

चार निघाले. चारही खुणेला टेकलेले, म्हणजे खाचेच्या तळाशी जी आडवी पट्टी असते तिच्या बरोबरीला आलेले. 1.6 मिलीमीटर. मोटारीसाठी कायद्याची हद्द तिथे संपते. काकांनी अट घातली, "मागची सीट पाडायची, हे आत टाकायचे. मैदानावर चढवायचे, शर्यत संपली की उतरवायचे. रस्त्यावर नाही." पोराने मान डोलावली.

हे सगळं चहा पीत ऐकणारा एक काळीपिवळीवाला होता. मलकापूर-बुलढाणा चालवायचा. जूनच्या तोंडाला तो म्हणाला, "मलेही तसेच द्या, काका. सस्तात."

"तुला नाही."

"काहून? त्याले देता अन् मले नाही?"

"तो एकटा आहे, कोरड्यात आहे. तू पावसात घाट चढणार. पाणी खाचांतून निघून जातं म्हणून गाडी रस्त्याला धरून असते. खाच नसली की पाणी चाकाखालीच अडतं."

काळीपिवळीवाला पेपर वाचणारा होता. 1 जुलै 2023 ला सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर बस जळाली, 25 माणसं गेली. आधी टायर फुटल्याचं म्हणत होते, पण आरटीओच्या अहवालात तसं निघालं नाही. तेच त्याने तोंडावर मारलं. काका म्हणाले, "त्या बसचं जाऊ दे. तुझ्या गाडीत माणसं किती बसतात ते सांग." तो शिव्या देत गेला, पण दोन दिवसांनी येऊन उधारीवर नवे टायर घालून गेला. दर बाजाराला हप्ता.

जुलैत पोरगा सुटीला आला. शर्यतीत तिसरा आला होता, चषक दाखवायला भर पावसात घाट उतरून थेट दुकानी. गाडीला तेच चार टायर. दर वेळी जॅक लावून चार चाकं बदलायची म्हणजे कंटाळा; चांगले टायर पुण्याच्या खोलीत पडलेले.

काळीपिवळीवाला हप्ता द्यायला आलेला. त्याने चाकांकडे पाहिलं, मग काकांकडे. काका गप्प. पोरगाच बोलला, "मला गाडी हातात ठेवता येते, काका. हळूच आलो."

"मी वीस वर्षं याच घाटात चालवतो, बे," काळीपिवळीवाला म्हणाला. "मले येत नाही का?" आणि हप्त्याच्या नोटा त्याने परत खिशात कोंबल्या. "काका, माझे नवे उतरवा. याच्यासारखे लावा."

पोराकडे उत्तर नव्हतं, काकांकडेही नव्हतं. काकांनी जॅक आणला. पोराची गाडी उचलली, चारही टायर उतरवले आणि ग्राइंडरने बगलेतून उभे कापले. "पैसे दिलेत मी!" पोरगा ओरडला. काकांनी गल्ला उघडून पैसे मोजून दिले. नव्या टायरांसाठी पोराला वडिलांना फोन करावा लागला. काळीपिवळीवाला हे होईपर्यंत थांबला, मग हप्ता ठेवून निघाला.

तेव्हापासून खुणेला टेकलेला टायर काका गिऱ्हाईकासमोरच कापतात. शर्यतवाल्यांनाही देत नाहीत, शपथ घातली तरी नाही. मैदानाचे टायर मैदानावरच उतरवणाऱ्या दोघा-तिघांचं यात नुकसान झालं आणि ते काकांवर रागावून आहेत. त्यांचा राग खरा आहे, पण तो काढायला पत्ता चुकला आहे.