रेणूचं कूळ विचारावं का?

पॉलिसॉर्बेट ८० दिसायला मधासारखा, घट्ट आणि पिवळसर. पिपेटने ओढायला जावं तर बराचसा टोकाच्या आतच चिकटून बसतो, म्हणून प्रयोगशाळेतला जाणता माणूस तो सरळ वजन करून घेतो. याचं काम मध्यस्थाचं: तेल आणि पाणी एकत्र नांदवायचं, औषधातली प्रथिनं काचेला चिकटू द्यायची नाहीत. अंगावर विद्युतभार नसल्यामुळे नाजूक प्रथिनांनाही तो सहसा इजा करत नाही. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्हिशील्डच्या घटकयादीतही त्याचं नाव होतं.

कागदावरच्या सूत्रानुसार त्याच्या एका रेणूत ६४ कार्बन अणू असतात, आणि ते तीन घरांतून आलेले असतात. सॉर्बिटनच्या गाभ्याचे ६ साखरेतून, म्हणजे बहुधा मक्याच्या स्टार्चमधून. ओलेइक आम्लाच्या शेपटीचे १८ वनस्पती तेलातून किंवा जनावराच्या चरबीतून. उरलेले ४० एथिलिन ऑक्साइडचे, म्हणजे सामान्यतः खनिज तेलातून. या हिशेबाने नेहमीचा पॉलिसॉर्बेट ३७.५ टक्केच ‘जैव’ ठरतो. एथिलिन ऑक्साइड इथेनॉलपासून बनवलं, तर तो पूर्ण जैव होऊ शकतो. उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्सचा कारखाना उसाच्या मळीच्या इथेनॉलपासून ते बनवत आला आहे.

मळीचा रेणू आणि खनिज तेलाचा रेणू प्रयोगात सारखेच वागतात. वेगळे ओळखायचे, तर कार्बन-१४ मोजावा लागतो. सजीवांच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी कार्बन अणूंमागे असा एक सापडतो. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं, त्यामुळे खनिज तेलात तो केव्हाच संपलेला असतो. ‘जैवाधारित’ हा शिक्का याच मोजणीवर मिळतो. पण ही साक्ष फक्त वयाची. ऑलिव्हचं तेल ताजं, तशी गायीची चरबीही ताजीच; चाचणीत दोन्ही सारख्याच गुणांनी उत्तीर्ण होतात. बाटलीवरच्या हिरव्या पानाला कत्तलखान्याचा वास येत नाही.

म्हणजे श्रद्धाळू माणसाचा प्रश्न होता तिथेच राहतो. चरबी उच्च दाबाच्या वाफेत सुमारे अडीचशे अंशांवर फोडली, ग्लिसरीन वेगळं काढलं, आम्ल शुद्ध करून साखरेच्या गाभ्याला जोडलं. आता त्यात गाय उरली का?

भारतीय दर्शनांनी हा वाद मडक्यावर घातला. सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीपासूनच असतं. म्हणजे गाय कुठल्या ना कुठल्या रूपात उरलीच. न्याय-वैशेषिकांना कार्य ही नवी वस्तू वाटते. त्यातही पोटभांडण आहेच. कच्चं मडकं आव्यात लाल होतं, तेव्हा वैशेषिकांच्या मते ते परमाणूंपर्यंत सुटतं, परमाणूंचा रंग पालटतो आणि नवं मडकं घडतं. नैयायिक म्हणतात, मडकं तेच राहतं, रंग तेवढा बदलतो. आव्यात डोकावून हे ठरवायची सोय तेव्हा नव्हती. अणुभट्टीच्या काळातही ती झालेली नाही.

इस्लामी धर्मशास्त्रातला ‘इस्तिहाला’चा, म्हणजे पदार्थाच्या पूर्ण रूपांतराचा, विचार वैशेषिकांच्या जवळ जातो. मिठाच्या खाणीत पडलेलं जनावर मीठच झालं, तर ते मीठ पाक, असं हनफी परंपरेतलं जुनं उदाहरण. १९९५ साली कुवेतमधल्या वैद्यकीय-धर्मशास्त्रीय परिषदेने याच तत्त्वावर जिलेटिन शुद्ध मानलं. इंडोनेशियात वाट वेगळी निघाली. २०१८ मध्ये तिथल्या उलेमा परिषदेने पुण्याहून आलेली गोवर-रुबेलाची लस निर्मितीत डुकराची सामग्री वापरल्यामुळे हराम ठरवली, आणि त्याच फतव्यात गरजेपोटी तिला मुभाही दिली. पहिला, कुवेतचा निवाडा पदार्थाकडे पाहतो, दुसरा, इंडोनेशियाचा, माणसाच्या अडचणीकडे. दुसरा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो कटू वाटणारी गोष्ट नाकारत नाही.

जैन विचार मात्र प्रश्नाचं तोंडच फिरवतो. द्रव्याच्या बाबतीत उमास्वातींनी उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे उपजणं, नाश पावणं आणि टिकून राहणं, तिन्ही एकत्र मानली, त्यामुळे ‘गाय उरली की गेली’ हा वाद तिथे फार टिकत नाही. टिकतो तो हिंसेचा हिशेब: स्वतः केलेली, करवलेली आणि अनुमोदन दिलेली. रेणू कितीही शुद्ध होवो, मागणी पुरवठादारापर्यंत जाते आणि तिथून कत्तलखान्यापर्यंत. हिंसा बाटलीत शोधू नये, खरेदीच्या साखळीत शोधावी. या प्रश्नावर एवढं नेमकं उत्तर दुसरं दिसत नाही.

अर्थात हा हिशेब लावला की ‘वनस्पतिजन्य म्हणजे निर्दोष’ हेही गळून पडतं. आपल्या रिठ्यातलं सॅपोनिन हेही विद्युतभाररहित फेसकच, दागिने आणि रेशीम धुणारं. पण ओढ्यात पडलं तर मासे मारतं. उलट खनिज तेलासाठी आज कुणाची मान कापावी लागत नाही, तरी त्यापासून बनणाऱ्या ट्रायटन एक्स-१०० चं विघटन होऊन उरणारं ऑक्टिलफेनॉल जलचरांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं. म्हणून युरोपीय महासंघाने ४ जानेवारी २०२१ पासून ट्रायटनच्या वापराला परवानगीची अट घातली. वस्तू येते कुठून, याइतकंच ती जाते कुठे, हेही विचारायला हवं.

ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. रेणूचं मात्र खुशाल विचारावं, कारण ते कागदावर असतं. गायींच्या मेंदूरोगाच्या भीतीमुळे औषधाच्या घटकाचा मूळस्रोत प्राणिज आहे का, याचा दाखला पुरवठादार उत्पादकाला देतात. रुग्णाच्या हातातल्या पत्रकात मात्र ‘पॉलिसॉर्बेट ८०’ एवढंच छापतात. त्यापुढे ‘वनस्पतिजन्य’ किंवा ‘प्राणिज’ असा एक शब्द घालायला शाईही फार लागणार नाही. उत्पादकांनी तो छापावा. घ्यायचं की नाही, ते रुग्ण आणि त्याचा डॉक्टर मिळून ठरवतील.